सेल्फ मारला की नुसतं 'टक्', पण लाईट-हॉर्न ठणठणीत. नवा स्टार्टर घालू का?

प्रतापनगरकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. गेले काही आठवडे चावी फिरवली की बॉनेटखालून एकच 'टक्' येतं आणि पुढे सामसूम. परत फिरवली, परत 'टक्'. कधी काहीच झालं नाही अशा थाटात चालू होते, कधी शेजारच्या पोरांना धक्क्यासाठी बोलवावं लागतं. परवा नागपुरात छत्रपती चौकाच्या सिग्नलला पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं, हिरवा लागला तरी चालूच होईना. मागच्यांनी जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात. हॉर्न कडक. रात्री बघितलं, सेल्फ मारताना हेडलाईटसुद्धा मंद होत नाहीत. बॅटरी याच उन्हाळ्यात नवी घातलीय. गॅरेजवाले म्हणतात सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, गेला, नवा साडेसात हजार. बॅटरीच्या दुकानात नेली तर त्यांनी टेस्टर लावून सांगितलं, बॅटरी चांगली आहे पण चार्ज कमी दिसतो, चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. म्हणजे आता सेल्फपण आणि अल्टरनेटरपण? घरात मल्टिमीटर आहे, इन्व्हर्टरच्या भानगडीत घेतला होता. बेसिक वापरता येतो.

कोथरूडकर
दहा वर्षांच्या वरची गाडी. विकून टाका, त्रास संपेल.

बर्डीचा भाऊ
@कोथरूडकर, चालू न होणारी गाडी कोण घेईल जी? तुम्ही घेता का?

वाडीवाला
भाऊ, कायले टेन्शन घेता. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्यानं हळूच दोन टोले हाना अन् लगेच चावी मारा. आमच्या वाडीले ट्रकचे सेल्फ असेच उठवतेत. टोला हानला अन् चालू झाली त समजा सेल्फच्या आतले कार्बन ब्रश घासले. साडेसात हजार कायले, कार्बन बदलून घ्या, सस्त्यात काम होते.

निवृत्त तारतंत्री
प्रतापनगरकर, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे 'सेल्फ मारताना हेडलाईट मंद होत नाहीत'. बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हे पकडा.

सेल्फ ही गाडीतली सगळ्यात खादाड वस्तू. छोटं पेट्रोल इंजिन फिरवायलासुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढते, डिझेलला त्याहून बरेच जास्त. बॅटरी अशक्त असली की एवढा करंट देताना तिचा व्होल्टेज कोसळतो, डॅशबोर्ड विझायला येतो, सॉलेनॉइड, म्हणजे सेल्फला मोठा करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, पकड-सोड करत राहतो आणि 'टकटकटकटक' असा माळ लावल्यासारखा आवाज येतो. तुमच्याकडे एकच टक् आणि लाईट शाबूत. म्हणजे सॉलेनॉइड ओढला जातोय, पण त्यानंतरचा मोठा करंट बॅटरीतून निघतच नाहीये. कुठेतरी अडतोय. अडायच्या जागा चारच: पॉझिटिव्हची जाड केबल, सॉलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, मोटरचे कार्बन आणि अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट. गॅरेजवाल्याने मधल्या दोनांवर बोट ठेवलं. त्याचं खरंही निघेल, पण मोजून सांगितलेलं नाही.

वाडीवाल्यांचा दांडा मी स्वतः नोकरीत भरपूर वापरलाय. पण टोल्याने सेल्फबरोबर आसपासचं सैल कनेक्शनही हलतं. गाडी चालू होते आणि दोष कोणाचा ते मात्र कळत नाही. म्हणून आधी मीटर.

मीटर डीसी २० व्होल्टवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ओढणी-बाह्या पंख्यापासून लांब, कारण मधेच चालू झाली तर हात जाईल. चावी फिरवायला कोणालातरी बसवा आणि दोन-तीन सेकंद धरून ठेवायला सांगा, घरगुती मीटर आकडा दाखवायला तेवढा वेळ घेतो.

आधी बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर (टर्मिनलवर), रात्रभर उभ्या गाडीत. १२.६ म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे साधारण निम्मं, १२ च्या खाली गेलं तर आधी चार्जिंग, मग बाकीच्या गप्पा. त्यानंतर चावी फिरवलेली असताना तोच आकडा. साडेनऊच्या खाली पडला तर बॅटरीवर संशय घ्यायचा.

आता खरी गंमत. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळी पिन सेल्फच्या जाड नटवर, आणि चावी फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पॉझिटिव्ह केबल करंट खातेय. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही, गंजावर नाही. परत चावी. इथे ०.२, फार तर ०.३ यायला हवं. पिन खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, म्हणजे खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधली भुकटीही मोजली जाईल.

आकडे इथे टाका. तोवर काहीही विकत घेऊ नका.

इलेक्ट्रॉनिक बाबू
एवढा खटाटोप कशाला? मीटर बीपवर लावायचा, केबलच्या दोन टोकांना पिना. बीप वाजला तर केबल चांगली.

निवृत्त तारतंत्री
@इलेक्ट्रॉनिक बाबू, याच बीपने चांगले चांगले फसतात. जाड केबलचे सगळे तार कुजून चार उरले तरी बीप वाजणारच, कारण मीटर त्यातून मिलिअँपिअरच्या हिशोबात करंट सोडतो. उन्हाळ्यात कूलरचा पाईप क्षाराने बुजत आला तरी थेंब थेंब पाणी येतंच की, पॅड मात्र कोरडे राहतात.

हिशोब करा. जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा असेल तर घरगुती मीटरच्या ओहमच्या रेंजवर तो दिसणारही नाही, पिनांचा स्वतःचाच रेझिस्टन्स त्यापेक्षा जास्त असतो. पण त्याच जोडातून १०० अँपिअर जायला लागले की ५ व्होल्ट तिथेच गडप. सेल्फला उरले सात. म्हणून लोड असतानाच, म्हणजे सेल्फ करंट ओढत असतानाच, मोजायचं. लोडशिवाय १२.६ दाखवणारा जोड म्हणजे निवडणुकीआधीचा उमेदवार.

बर्डीचा भाऊ
काका हिवाळी अधिवेशन जवळ आलं की असेच सुटतात.

प्रतापनगरकर
काका, मोजलं. मुलीला चावीवर बसवलं होतं.

बॅटरी रात्रभर उभी: १२.४
चावी फिरवताना बॅटरीवर: ११.८
पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा नट: ०.१
निगेटिव्ह खुंट ते इंजिन: ८.६

शेवटचा आकडा बघून वाटलं पिनच चुकीच्या जागी लावली. इंजिनवर तीन वेगवेगळ्या जागी टेकवून बघितलं, तेवढाच येतो. निगेटिव्ह खुंट ते बॉडीचा बोल्ट मात्र जवळपास शून्य.

वाडीवाला
अर्थ गेली बाप्पा! सेल्फ बिचारा बेकसूर.

निवृत्त तारतंत्री
वाडीवाले बरोबर. चोर सापडला, फक्त घर बघायचं राहिलं.

तुमच्या गाडीत बॅटरीची काळी केबल बॉडीवर येते आणि तिथून एक जाळीची अर्थ पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सवर जाते. काही गाड्यांत काळी जाड केबल सरळ गिअरबॉक्सवर आणि बॉडीला बारीक तार असते, त्यामुळे दुसऱ्या कोणी हे वाचून डोळे झाकून तीच पट्टी शोधू नये. तुमच्याकडे बॅटरी ते बॉडी ठीक, बॉडी ते इंजिन तुटल्यात जमा. हेडलाईट, हॉर्न, डॅशबोर्ड यांची अर्थ बॉडीवर असते म्हणून ते सगळे खुशाल. सेल्फची अर्थ म्हणजे त्याचं अंग, ते इंजिनला बोल्टने जोडलेलं. ११.८ मधले ८.६ पट्टीने खाल्ले, केबलचे ०.१ गेले, सेल्फला तीनच्या आसपास मिळतात. त्यात तो काय फिरणार.

'चार्ज कमी'चं कोडंही इथेच सुटतं. अल्टरनेटरसुद्धा इंजिनलाच बसवलेला. तो स्वतःच्या अंगापासून मोजून चौदाच्या वर व्होल्ट काढतो, पण परतीच्या वाटेवर हीच पट्टी. पडताळा हवा असेल तर गाडी चालू झाल्यावर हेडलाईट लावून बॅटरीवर मोजा, आणि निगेटिव्ह खुंट ते इंजिन परत मोजा. पिना तशाच ठेवा, यावेळी आकड्यापुढे उणे चिन्ह येईल, घाबरू नका.

आणि एक. जम्पर केबलची काळी वायर घ्या. एक टोक निगेटिव्ह खुंटाच्या क्लॅम्पला, दुसरं इंजिनला उचलायचा जो लोखंडी आकडा असतो त्याला. चावी मारा. लाल वायरला हातही लावू नका, तिचं इथे काम नाही.

खामलाकरीण
हे सगळं वाचतेय आणि आमच्या गाडीचा क्लच केबल सेल्फ मारताना गरम व्हायचा ते आठवलं! मेकॅनिकने केबल बदलली, नवीही गरमच. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का? गाडी आता विकली, पण कुतूहल आहे.

निवृत्त तारतंत्री
@खामलाकरीण, असू शकतो नव्हे, तेच. पट्टी गेली की करंट बॉडीकडे परतायला दुसरी वाट शोधतो आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी पुढची धातूची वस्तू म्हणजे क्लच नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल. तिच्यातून पन्नासेक अँपिअर गेले की तापणारच. आतलं प्लॅस्टिक वितळून केबल जाम झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. केबल बदलून काही उपयोग नाही.

प्रतापनगरकर
जम्परची काळी वायर लावली. पहिल्या झटक्यात चालू. बंद करून परत, परत चालू. वायर काढली की 'टक्'. बायको म्हणाली ही वायर कायमचीच बांधून ठेवा.

चालू गाडीत हेडलाईट लावून बॅटरीवर १३.०. निगेटिव्ह खुंट ते इंजिन उणे १.३. तुम्ही म्हणालात तसंच.

मग बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. पट्टी बरोबर ट्रेच्या खालून गिअरबॉक्सवर जाते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला निळसर-हिरवी भुकटी, बुरशी यावी तशी. बोटाने दाबलं तर जाळीचे तार बिस्किटासारखे तुटून हातात आले. पाच-सहा तार जोडलेले राहिले होते, बाकी सगळं नुसतं वरून दिसायला. बोल्टच्या डोक्यावर इतका गंज की दहा नंबरचा पाना घसरत होता. फोटो चढवतो, साईझ मोठी आहे म्हणून एरर येतोय.

निवृत्त तारतंत्री
फोटोची गरज नाही, डोळ्यासमोर आलं. निळसर-हिरवं म्हणजे तांब्यावर अ‍ॅसिड पडलंय. तुमची आधीची बॅटरी पाणी भरायची होती का?

प्रतापनगरकर
हो. पाणी भरायची होती. उन्हाळ्यात सर्व्हिसिंगचा पोऱ्या दर वेळी काठोकाठ भरून द्यायचा.

निवृत्त तारतंत्री
झालं. खुणेच्या वर भरलं की चार्ज होताना आणि उन्हात तापताना अ‍ॅसिड झाकणातून बाहेर येतं, ट्रेवरून ओघळतं आणि खाली जे असेल ते खातं. आपल्याकडे बॉनेटखाली काय तापतं हे सांगायला नको. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, ते सावलीतलं तापमान. साधारण दर दहा अंशांना बॅटरीच्या आतली झीज दुप्पट होते असा ढोबळ हिशोब आहे. म्हणून नागपूरची बॅटरी मरते मे महिन्यात आणि तिचं मयत कळतं डिसेंबरात, थंडीत इंजिन जड फिरतं तेव्हा. लोक थंडीला शिव्या देतात.

आता काम. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ट्रेखालची सगळी जागा धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत. बॅटरी बाहेर असतानाच करा, सोडा बॅटरीच्या आत जाता कामा नये. हातमोजे घाला. पट्टी नवी, २५ चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले तांब्याचे थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी भोकाची टोकं. नुसतं पिळून बोल्टखाली अडकवलेलं चालणार नाही. बॉडीकडची आणि गिअरबॉक्सकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळतात ते उलटं. कंपनीची पट्टी मिळाली तर उत्तमच, नाहीतर वाडीला ट्रकचं वायरिंग करणारे कोणीही समोर बसून बनवून देतील.

वाडीवाला
या इकडं, चहा पाजतो. पट्टी दाबून देनारा माह्या दुकानाच्या बाजूलेच बसते.

कोथरूडकर
म्हणजे त्या गॅरेजवाल्याने साडेसात हजाराला गंडवायला घेतलं होतं. नाव टाका इथे.

बर्डीचा भाऊ
नाव टाकायचं काम नाही. माझा मावसभाऊ गॅरेज चालवतो म्हणून सांगतो. गिऱ्हाईक येतं, 'पाच मिनिटांत बघून सांगा' म्हणतं. मीटर लावून तासभर शोधलं आणि चारशे रुपये तपासणीचे मागितले तर म्हणतं 'काही बदललं तर नाही, मग पैसे कशाचे?' सेल्फ बदलला तर साडेसात हजार मुकाट देतं. मेकॅनिकनं काय शिकावं मग? शोधायचे पैसे आपण देत नाही, पार्टचे देतो, म्हणून पार्ट बदलले जातात. आणि गंमत म्हणजे सेल्फ बदलताना त्याच बोल्टांजवळ हलवाहलव होते, गाडी चार दिवस चालते, सगळे खूश.

निवृत्त तारतंत्री
भाऊंशी शंभर टक्के सहमत. यातला अर्धा दोष गिऱ्हाइकाचा.

इलेक्ट्रॉनिक बाबू
मान्य, बीपचा मुद्दा मागे घेतो. पण समजा टक् पण येत नसेल तर? एका मित्राची गाडी आहे, चावी फिरवली की काहीच नाही. लाईट नीट.

निवृत्त तारतंत्री
मग मोठ्या करंटकडे जायचंच नाही, सॉलेनॉइडला हुकूमच पोचत नाहीये. क्लच पूर्ण दाबून बघा, बऱ्याच नव्या गाड्या क्लचच्या स्विचशिवाय सेल्फ देत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर पी ऐवजी एनमध्ये टाकून बघा. मग फ्यूज, आणि सेल्फचा रिले, म्हणजे सॉलेनॉइडला हुकूम देणारा छोटा स्विच. हॉर्नचा रिले बहुतेकदा त्याच नंबरचा असतो, नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत. सॉलेनॉइडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. लॅम्प पेटला तर दोष सेल्फकडे, नाही पेटला तर मागे चावीकडे. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करायचे उद्योग करू नका, गिअरमध्ये असेल तर गाडी अंगावर येते.

इंजिन फिरतंय पण पकडत नाहीये, तर तो वेगळा विषय. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का ते आधी बघा आणि दुसऱ्या चावीने करून बघा. बटणवाली गाडी असेल तर चावीतला सेल संपलेला असतो, चावीच बटणाला टेकवून दाबली की बऱ्याच गाड्या ओळखतात.

प्रतापनगरकर
पट्टी बसली. निगेटिव्ह खुंट ते इंजिन, सेल्फ मारताना ०.१५. चालू गाडीत हेडलाईट लावून बॅटरीवर १४.२. हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा थोडा हलायचा, तेही बंद झालं, ते कधी लिहायचं सुचलंच नाही. वाडीवाल्यांकडे चहा झाला, पट्टीवाल्याने थिंबल असा दाबला की आता गाडी जाईल पण पट्टी जाणार नाही. काका, आभार कसे मानू.

खामलाकरीण
धागा पळवतेय, माफ करा. नवी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी ठार. चार्ज केली की चांगली. दुकानदार बॅटरी बदलून द्यायला तयार आहे, पण हे वाचून आता थांबलेय. उंदराने वायर खाल्ली असेल का? आमच्या पार्किंगमध्ये घुशी आहेत.

निवृत्त तारतंत्री
उंदीर असेल तर लेंड्या आणि कुरतडलेलं दिसतं, बघून घ्या. पण आधी चोरून जाणारा करंट मोजा. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्या मध्ये मीटर. क्लॅम्प काढण्याआधी दार उघडून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, बॉनेटचंही. म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. चावी लांब ठेवा, घरात. मग अर्धा तास काहीही न करता थांबा, नव्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. लगेच बघितलं तर दोन-तीन अँपिअर दिसतील आणि उगाच घाबराल. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचं अर्धं पोट त्या दराने रिकामं व्हायला अडीच आठवडे लागतात. अर्धा अँपिअर असेल तर दोन दिवसांत खेळ खल्लास.

जास्त निघाला तर फ्यूज उपटत बसू नका, उपटून लावला की झोपलेलं कॉम्प्युटर जागं होतं. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टिकल्यांवर पिना टेकवा. ज्यातून करंट जातोय तिथे थोडं का होईना, काहीतरी दिसेल. बाकी सगळे शून्य.

खामलाकरीण
केलं. नवरा दर पाच मिनिटांनी दार उघडायला जात होता, त्याला दुधाला पाठवला. ०.४६ अँपिअर. फ्यूजवर शोधलं तर आतल्या छोट्या दिव्याच्या आणि सॉकेटच्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले. तिथेच डॅशकॅमची वायर खोचलेली! अ‍ॅक्सेसरीजवाल्याने बसवला होता. वायर ओढून काढली, अर्ध्या तासाने ०.०३.

निवृत्त तारतंत्री
शाब्बास. डॅशकॅमची वायर चावी चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवर घ्या. पार्किंगचं रेकॉर्डिंग हवंच असेल तर लो-व्होल्टेजला आपोआप बंद होणारी किट मिळते, ती १२ च्या वरच सेट करा. आणि बॅटरी इतक्यांदा पूर्ण उतरलीय तर नुसतं खामला ते बर्डी चालवून ती भरणार नाही. काढून चार-पाच अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा, काही तास तशीच राहू द्या आणि मग खुंटावर किती आलं ते इथे लिहा.